मंजुळाची बरणी कुठे गेली?

दोन हजार तेवीस सालच्या मे महिन्यात शिवाजी पार्क परिसरात एकच डिटेक्टिव्ह होती, आणि ती मी, आनंदी. वय पंचाहत्तर, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, म्हणजे निदान एक डोळा तरी नवाकोरा. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीत मी अर्धी मुंबई नुसत्या कानाने ओळखली. अशी बुद्धी शतकात एकदाच जन्माला येते, असं माझं मत आहे. माझे मदतनीस रघुवीर, म्हणजे आमचे हे, त्या मतावर अजून विचार करत आहेत. एरवी मी त्यांना 'अहो' म्हणते. तपासावर असताना रघुवीर.

त्या सकाळी दाराशी मंजुळा उभी. वरळी कोळीवाड्यातली, तिच्याच मासळीवर आमची मुलं मोठी झाली. गुडघ्यांनी दगा दिला, पाटी सुटली, तेव्हा तिने घरचा कोळी मसाला बरण्यांत भरून विकायला काढला. बरणीवर स्वतःचं नाव छापून.

"बाय, माजी बरनी गेली!"

प्रकरण असं. भोईवाड्यातल्या टॉवरमध्ये राहणारी इरावती ही इन्फ्लुएन्सर. म्हणजे तिला वस्तू फुकट पाठवायची आणि तिने मोबाईलसमोर त्या वस्तूचं कौतुक करायचं. आमच्या गिरगावच्या चाळीत हे काम वाटीभर खिरीवर व्हायचं. खीर खाऊन शेजारीण गॅलरीत उभी राहिली की तिन्ही मजल्यांना कळायचं. तर मंजुळाने बरणी पाठवली. कुरिअरवाला म्हणे पोचवली, इरावती म्हणे आलीच नाही.

"उत्तम काय बोलतो, रविवारपरेंत रील नाय आला तर सगला मसाला खानावळीला देऊन टाकीन. बिननावाचा!" उत्तम म्हणजे तिचा मुलगा. "मंग मी काय करू? सुनेच्या तोंडाकडं बगत बसू?"

मी चष्मा पुसला. "रघुवीर, टॅक्सी!"

"अगं, आधी त्या मुलीला एक फोन..."

"फोन केला की गुन्हेगार सावध होतो."

टॉवरच्या वॉचमनच्या मिश्या लाल होत्या. मसाल्याचा वास येतो का बघायला मी पुढे वाकले, तर यांनी मला मागे ओढलं. मेंदी होती.

इरावतीच्या घरात खोकीच खोकी. साबण, शाम्पू, चपला, एक उशी. "काकू, खरंच आलं नाही हो पार्सल," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी.

"पश्चात्ताप!" मी यांच्या कानात म्हणाले.

"हातात कांदा आहे तिच्या," हे म्हणाले.

मी इरावतीकडे वळले. "मग तुझ्या धंद्यातल्या दुसऱ्या कुणी मत्सराने..."

"माझी जी कॉम्पिटिशन आहे ना काकू, ती फक्त लिपस्टिक करते."

तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी आम्हाला जेवायलाच बसवलं. बोंबलाचं लालभडक कालवण. मी दोनदा घेतलं. "वा! थेट आमच्या मंजुळाच्या मसाल्याची चव!" यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच गप्प केलं; साक्षीदाराला जेवताना चुचकारायचं असतं, हे यांना कोण सांगणार?

निघताना सासूबाईंनी लाडवांची बरणी पुढे केली. "तुम्ही वरळीच्या बाजूला जाणार असाल तर..."

"जाणारच!" म्हणत मी ती ताब्यात घेतली आणि पुढचं ऐकायला थांबले नाही. उघड लाच होती, आणि लाच पुरावा म्हणून जप्त करणं हे माझं कर्तव्य.

टॅक्सीत मी पुरावा खात निष्कर्ष काढले. कुरिअरवाला टोळीत सामील आहे. मसाला उशीत लपवलाय. किंवा मग उत्तमनेच बरणी पळवली, आईला हरवायला. "लाडू जरा तिखट आहे," मी म्हणाले. "बेसनात मिरची घालायची नवी फॅशन दिसते."

यांनी एक लाडू तोंडात टाकला आणि बरणी नाकाशी नेली.

"आनंदी, ही मसाल्याची बरणी आहे. धुतली तरी वास जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते कालवण मंजुळाचंच होतं. आणि तू दोनदा घेतलंस."

टॅक्सी मागे फिरवली. सासूबाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. इरावतीची पार्सलं चकचकीत खोक्यांत येतात. मंजुळाने बरणी लुगड्याच्या फडक्यात शिवून पाठवली होती, गावच्या नातलगाला पाठवावी तशी. "मला वाटलं, कुणी घरोब्यातल्या बाईने पाठवलाय. मसाला डब्यात काढला, लेबल घासून बरणी लख्ख केली. रिकामी कशी परत करणार? लाडू भरले. पत्ता होताच."

"आई! ते माझं कोलॅब होतं!"

"असेल. आठवडाभर बोटं चाटून जेवतेस, तेव्हा विचारलंस का मसाला कुठला?"

इरावतीच्या हातातल्या मोबाईलवर शूटिंग चालूच होतं. शनिवारी रील म्हणून हे भांडणच लागलं, मंजुळाच्या नावासकट. रविवारी बरण्यांच्या मागणीने उत्तमचा फोन दिवसभर वाजत होता.

आता मागाहून काय झालं ते. इरावती अजून तेच काम करते. सासूबाईंना हल्ली स्वतःच्या नावाने साबण येतात. त्या कौतुक करत नाहीत, कारण साबण त्यांना आवडला नाही. वॉचमनने मिश्या काढल्या, त्यात माझा हात नाही. रघुवीरांनी मदतनीसपदाचा राजीनामा दिलाय, तो मी स्वीकारलेला नाही. खानावळीचा मालक रांगेत उभा राहून बरणी विकत घेतो. मंजुळा दारात खुर्ची टाकून बसते आणि आपलं नाव सरळ चिकटलंय ना, ते बरणी फिरवून फिरवून बघते. वाकडं असलं की परत पाठवते. नावं चिकटवतो उत्तम. हल्ली काय करतोस असं कुणी विचारलं तर सांगतो, "आईकडं कामाला हाय."