पोथीचे समान वाटे

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात जयवंत पकडला गेला, तेव्हा त्याच्या आईने, सुंदराबाईंनी, देवापुढे हात जोडून नवस केला. पोरगा सुखरूप सुटू दे. तो दारात पाऊल टाकायच्या आत अख्ख्या पोथीचे पारायण करीन. नवस पक्का होता. पण सोमवारचा उपास, मंगळवारचा गणपती, गुरुवारचे दत्त आणि शुक्रवारची सवाष्ण यांतून पोथीला वार काही मिळेना. इतक्यात निरोप आला, जयवंत उद्या दुपारी सुटतोय.

सुंदराबाईंच्या लालबागच्या चाळीची तातडीची सभा भरली. चाळ समितीचे चिटणीस नाना नाक्यावरच्या सभेत 'मुंबईचा लचका तोडू देणार नाही' असे ओरडून घसा बसवून नुकतेच आले होते. त्यांनी कात्री मागवली.

"पोथीचे वाटे करू. प्रत्येक बाईला समान ओळी. सगळ्यांनी एकदम वाचायचं, तासाभरात पारायण उरकेल."

"पण अध्याय मधेच तुटतील ना, नाना?" सुंदराबाई हळूच म्हणाल्या.

"अध्याय लहानमोठे असतात, वहिनी. त्यात अन्याय होतो. ओळ सगळ्यांना सारखी."

सुंदराबाईंना लगेच पटले. त्यांना पटवूनच घ्यायचे होते. कात्री लावण्यापूर्वी पोथीची क्षमा मागण्यात आली व तिने हरकत घेतली नाही, अशी नोंद झाली. पानाच्या पाठीमागेही ओळी असतात, हे कापून झाल्यावर ध्यानात आले. पाठीमागचे ज्याचे त्याने बघावे, असे ठरले.

सकाळी गॅलरीत सगळ्याजणी एकदम वाचू लागल्या. सुंदराबाईंचा वाटा 'च्या मांडीवरून उठला' इथे सुरू झाला आणि 'तेव्हा देव तिला म्हणाले' इथे संपला. त्यांना राहवेना. पुढचा वाटा शेजारच्या रखमाकडे होता.

"रखमे, देव काय म्हणाले गं?"

"माका काय म्हायत, वैनी? माझ्या वाट्याक पयल्यानच 'असे बोलून देव गुप्त झाले' इला. मी गुप्त झाल्यापासून वाचलंय."

पारायण सिद्ध झाल्याचे नानांनी जाहीर केले.

दुपारी जयवंत आला. वाळला होता. सुंदराबाईंनी पान मांडले, तोच दारातून शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, "जरा थांबा हं. पारायण सगळ्यांनी सारखं केलं, मग पुण्यही सारखंच की! पोरगा एकट्या तुमच्या पुण्याईने सुटला का?"

मुद्दा बिनतोड होता. पुन्हा सभा भरली.

"जयवंताचे समान तास," नाना म्हणाले. "म्हणजे कुणावर अन्याय नको."

रखमाच्या तासात पाणी भरणे आले, कमळाबाईंच्या तासात मिरच्या कांडपाला नेणे. कात्री धरल्याबद्दल नानांनाही एक तास मिळाला. त्यात पाय चेपणे होते. सुंदराबाईंनी मान डोलावली. ओळीचा न्याय मान्य करून तासाचा नाकारायचा कोणत्या तोंडाने?

त्यांचा तास सुरू झाला तो सभेतच निम्मा गेला. उरलेल्यात भात उतरला, वरण वाढले, तूप घातले. जयवंताने पहिला घास उचलला आणि वेळ भरली. तो हात धुऊन मिरच्या घेऊन निघाला. सुंदराबाई पानाशी बसून राहिल्या. पान झाकून ठेवावे की उचलावे, याबाबत ठराव नव्हता.

आता तुम्हीही ही गोष्ट इथवर वाचलीत, तेव्हा नियमाने तुमचाही तास निघतो. दळण असेल, रॉकेलची रांग असेल, नानांना कळवा, जयवंत येईल. त्याच्या आईला काय वाटेल, असा संकोच धरू नका. आम्ही कुणीच धरला नाही.