चित्रातल्या नागाची चौकशी

दादाला चावला तो नाग खरा होता की त्याने स्वतः काढलेला, हे मी सगळ्यांना विचारलं, आणि कोणीच सांगितलं नाही.

दादा, म्हणजे दशरथ लोखंडे, तालुक्याच्या विज्ञान चित्रपट केंद्रात हलती चित्रं काढायचा. ज्याला पाटी वाचता येत नाही त्यालाही पडद्यावरचं कळतं, म्हणून केंद्र पिक्चर बनवतं आणि गावोगाव दाखवतं. साप चावल्यावर काय करायचं, हा दादाचा शेवटचा पिक्चर. त्यात पारूबाई गवत कापते आणि तिच्या पायाला नाग चावतो. मग तिचा पाय काचेसारखा आरपार दिसायला लागतो आणि आतून विषाचे निळे ठिपके वर सरकतात. पारूबाई पळत नाही, जखम कापत नाही, भगताकडे जात नाही. पायाला फळी बांधून ती बांधावर स्वस्थ पडून राहते. पुढे मोटारसायकल येऊन तिला दवाखान्यात नेणार होती. ती मोटारसायकल काढायच्या आधीच दादा गेला.

बाहेरची माणसं नाटकी बोलतात म्हणून दादाने आवाज घरचेच घेतले होते. नागाला स्वतःचा, पारूबाईला वहिनीचा.

माझा संशय चित्रातल्या नागावर होता. दादाला चावा बसला तेव्हा तो टेबलावर वाकून त्याचीच शेपटी रंगवत होता. खोलीत दुसरा नाग सापडला नाही. दवाखान्यात दिलेलं औषध खऱ्या सापाच्या विषावर चालतं, आणि दादावर ते चाललं नाही. आणखी काय पाहिजे?

मी केंद्रप्रमुख ढवळे साहेबांकडे गेलो.

"नाग आमच्या आस्थापनेवर आहे," साहेब म्हणाले. "चौकशीशिवाय त्याला काही म्हणता येत नाही."

"मग करा चौकशी."

"चालू आहे. तो म्हणतो, त्या वेळी तो पिक्चरमध्येच होता."

"तो म्हणणारच! बघितलं कोणी?"

"पारूबाईला विचारलं. ती म्हणते, मला चावल्यावर मी डोळे मिटले, पुढचं ठाऊक नाही."

दोघं एकमेकांना सांभाळून घेत होती, हे मला तेव्हाच कळलं. साहेबही त्यांनाच सामील असावेत. त्यांनी चहा मागवला तो फक्त माझ्यासाठी, स्वतः प्यायले नाहीत. मीही प्यायलो नाही.

भातकापणी तोंडावर आली होती. गावं थांबायला तयार नव्हती, म्हणून केंद्राने पिक्चर अर्धाच दाखवायला सुरुवात केली. पहिल्या गावात ठिपके पारूबाईच्या गुडघ्याशी थांबले. पुढच्या गावात ते मांडीपर्यंत गेले. त्याच्या पुढच्या गावात कमरेपर्यंत.

"दुसऱ्या कोणाकडून तरी मोटारसायकल काढून घ्या," मी साहेबांना म्हणालो.

"चौकशी संपेपर्यंत पिक्चरमध्ये काही घालता येणार नाही आणि त्यातून काही बाहेर नेता येणार नाही."

"ती मरेल."

"मेली तर तसा अहवाल देऊ."

दादा गेल्यापासून वहिनी कोणाशी बोलत नव्हती. जेवायला वाढायची तेही न बोलता. तिचा आवाज ऐकायचा तर पिक्चरला जावं लागे. मी प्रत्येक गावाला जात होतो.

त्या दिवशी पिक्चर एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात होता. दुपारची वेळ, खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. ठिपके छातीपर्यंत पोचले.

"सगळं सांगितल्यासारखं करूनही बाई चाललीच की," पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले. "मग आमचा भगत काय वाईट?"

पारूबाईने मान वळवली. "काय रे, दशरथचा धाकटा ना तू? रोज येतोस आणि तोंड पाडून बसतोस. तुझ्या भावाने मला बांधावर निजवलं आणि गेला. अंगावर मुंग्या चढल्या."

"मोटारसायकल काढायची राहिलीय," मी म्हणालो.

"मग बाहेर उभी आहे ती काय सरपंचाच्या सासऱ्याची?"

लोक हसले. बाहेर माझीच उभी होती.

"सुद्या," गवतातून दादाचा आवाज आला.

"तू मध्ये बोलू नकोस!" मी नागाला म्हणालो. "तूच चावलास ना?"

"चावलो. हिला."

"आणि दादाला?"

नाग दुसरीकडे बघायला लागला. "मला जेवढं लिहून दिलंय तेवढंच मी बोलतो."

मी उठलो आणि पडद्याकडे गेलो. मशीनवर बसलेले तांबोळी ओरडले, "सुदाम, चौकशी चालू आहे! बाईला हात लावू नको!" मी पारूबाईला बांधावरून उचललं. तिचं वजन कागदाइतकंच होतं. पांढऱ्या पडद्यावर गवत तेवढं दबलेलं राहिलं.

"फळी हलवू नकोस, मेल्या," ती म्हणाली.

आजोबा काठी टेकत माझ्यामागून बाहेर आले. पारूबाईला मागे बसवून त्यांनी स्वतःच्या उपरण्याने तिला माझ्या पाठीशी बांधलं, आणि ती वाऱ्याने उडणार नाही ना, हे दोनदा ओढून बघितलं. "पोचल्यावर काय होतं ते सांगायला ये," ते म्हणाले. "तोवर आम्ही उठत नाही."

मी किक मारली. तेवढ्यात दाराची घोंगडी हलली आणि नागाने डोकं बाहेर काढलं.

"सुद्या, खड्ड्यातून सावकाश ने."

हे त्याला दादाने लिहून दिलं होतं की हे त्याचं स्वतःचं होतं, मला माहीत नाही. माझा संशय अजून गेलेला नाही. पाठीमागे पारूबाई वहिनीच्या आवाजात रस्त्याला, सरपंचाला आणि मला नावं ठेवत होती. मी गाडी कधीच सावकाश चालवलेली नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापर्यंत तशी चालवली.