टिपणीसांचा न धुतलेला स्वेटर

आमच्या सोसायटीत लोकर खाण्यापूर्वी कसरीला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. कुंदाताई टिपणीसांना ती मिळाली होती, पण सेक्रेटरीला म्हणजे मला त्या बोलवायला आल्या पंधराव्या दिवशी. मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. मला एका जागी बसवेना.

नोटीस त्यांच्या यजमानांच्या राखाडी स्वेटरवर होती. यजमान दोन वर्षांपूर्वी वारले.

"त्यांनी काढून ठेवला तसाच आहे," ताई म्हणाल्या. "धुतलेला नाही. अजून ह्यांचा वास येतो."

हरकत त्यांनी घेतली होती, पण चंदेरी किड्याच्या फॉर्मवर. ही चूक निम्मी सोसायटी करते. चंदेरी किडा कांजी केलेल्या सुती साड्यांच्या मागे असतो, लोकरीशी त्याला देणंघेणं नाही. इथे बाहीला लोकरीच्याच रंगाची, तांदळाएवढी नळी चिकटली होती आणि आत अळी होती. म्हणजे कसर. हरकत बाद झाली.

अळ्यांची आई स्वेटरच्या घडीत बसली होती, मळकट रंगाची, पंख मिटून. वयात आलेल्या कसरीला खायला तोंड नसतं, म्हणून तिचा जबाब लेखी घ्यायचा असतो.

"धुऊन टाका," मी घड्याळ बघत म्हटलं. "घाम नसला की तिची मुलं फिरकत नाहीत."

"वास जाईल ना हो."

"मग रोज अंगात घाला. वापरातल्या कपड्यावर त्यांचा हक्क नाही."

"मग त्याला माझाच वास येईल."

मी चिडलो. नियमांत तिसरा उपाय नव्हता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

ताई कसरीकडे वळल्या. "बाह्या घ्या, पाठ घ्या. कॉलर तेवढी सोडा."

कसरीने लिहून दिलं: 'कॉलर सोडता येणार नाही. मुलांना तोच वास आवडला आहे.'

ताईंनी कागद दोनदा वाचला. "जन्मभर ह्यांना म्हणत आले, किती घाम येतो तुम्हाला, लांब बसा," म्हणाल्या आणि रडू लागल्या. मलाही भरून आलं.

सहाला पाच मिनिटं होती. त्यांनी स्वेटर नाकाशी धरला, मग घडी घालून खालच्या खणात ठेवला आणि आता हरकत नसल्याची सही केली. वरच्या खणातल्या डांबरगोळ्या वेचून त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या.

"ह्या घेऊन जा," म्हणाल्या. "पोरांना त्रास होतो."