कठड्यावरचा रमाकांत

गजाभाऊंनी एका सोळा वर्षांच्या पोराला कित्येक वर्षं उल्हास नदीच्या पुलाच्या कठड्यावर उभं करून ठेवलं होतं. पोरगा कागदावरचा होता म्हणून पोलीस आले नाहीत इतकंच. नाव रमाकांत. मॅट्रिक नापास. आता उडी मारायची की घरी जायचं, एवढाच प्रश्न. दुसऱ्या कुणी दोन पानांत निकाल लावला असता, पण गजाभाऊंची कादंबरी पोत्यात मावेना.

कर्जतच्या बाजारात माझं किराणा दुकान आणि समोर त्यांची भाताची गिरणी, त्यामुळे हा छळ रोजचाच. बायकापोरं नसलेला माणूस. गिरणीचा पट्टा फिरू लागला की स्टुलावर बसून लिहायचे, आणि बंद पडला की मला वाचून दाखवायचे. पट्टा फार वेळा बंद पडायचा. पान उलटलं की त्यातून कोंडा उडे. त्या कादंबरीनं माझ्या डोळ्यांत पाणी आणलं ते तेवढ्यापुरतंच.

"वाढत्या वयाच्या पोरांसाठी हाय ही," ते म्हणायचे. वाढत्या वयाची पोरं ती ऐकता ऐकता पेन्शनीला आली असती! एक अख्खं प्रकरण रमाकांत कठड्यावरची मुंगी बघत होता. दुसऱ्यात तीच मुंगी परत आली.

"पुढं काय होतं?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "थांबा, अजून ठरलं नाय." पुढे पुढे हे वाक्य त्यांच्या अंगवळणीच पडलं. कडावचा शेतकरी विचारायचा, "भाऊ, माजं भात आज भरडून व्हईल का?" त्यालाही तेच, "थांब रं, अजून ठरलं नाय." त्यानं काय समजायचं?

मी एकदा वैतागून म्हणालो, "गजाभाऊ, ढकला त्याला एकदाचं." तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो आठवडा फार सुखाचा गेला.

जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागे त्या दिवशी तर त्यांचा कहर. वर्तमानपत्र मुंबईच्या गाडीनं यायचं. सगळं गाव स्टेशनात नंबर शोधत असे आणि हा गृहस्थ गिरणीला कुलूप लावून, पिशवीत मावतील तेवढी पानं घेऊन पुलाच्या तोंडाशी जाऊन बसे. स्टेशनाकडून कुणी पडक्या चेहऱ्याचं पोर आलं की हाताला धरून खाली बसवायचं आणि वाचायला लागायचं. बिचारी नापास झालेली, वरून ही शिक्षा! "गिऱ्हाईक बरं गाठतात," असं म्हणून आम्ही दुकानदार हसायचो.

मग एका वर्षी माझी पुतणी शालू नापास झाली.

शिकायला माझ्याकडेच राहायची ती. स्टेशनात माझ्या शेजारी उभी होती. तिचा नंबर सापडेना म्हणून मी पेपर पुन्हा वरपासून बघितला, मान वर केली तर शालू नाही. घरी नाही, मैत्रिणीकडे नाही. कुणीतरी म्हणालं, नदीकडं जाताना दिसली. धोतराचा सोगा धरून मी पुलापर्यंत कसा पळालो ते मला आठवत नाही.

शालू पुलाच्या तोंडाशी मैलाच्या दगडावर बसली होती. डोळे सुजलेले, आणि गजाभाऊंशी कडाकडा भांडत होती.

"पण त्याला भूक नाय लागत का, भाऊ? सकाळपासनं उभा हाय तो! आणि घरची माणसं शोधाया येत नायत?"

"खरंच की," गजाभाऊ पेन्सिल काढत म्हणाले. "हे राहिलंच गं."

"शालू, घरी चल," मी कसंबसं म्हणालो.

"थांबा हो काका, एवढं प्रकरण संपू दे." मग त्यांच्याकडे वळून, "शेवटी उडी मारतो का तो?"

"अजून ठरलं नाय. उद्या ये, सांगतो."

घरी येऊन ती चार भाकऱ्या जेवली, वर रमाकांतला शिव्या दिल्या. संध्याकाळी गजाभाऊ परतल्यावर मी गिरणीत गेलो. आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं, "हा उद्योग कशाला करता?"

गजाभाऊ कोंडा झाडत राहिले. "माझा धाकटा भाऊ, बाळ्या. निकालाच्या दिवशी मला त्याच पुलावर भेटला होता. मला गिरणी उघडायची घाई. म्हणलं, तू हो घरी, मी आलोच. तो घरी पोचलाच नाय. तेव्हा त्याला थांबवायला माझ्याजवळ दोन शब्द नव्हते, शेठ. आता बघा किती हायेत. तुमीच म्हणता ना, लांबण फार हाय म्हणून."

मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि यावेळी दोष कोंड्याचा नव्हता.

कादंबरी रद्दीच आहे, हे माझं मत आजही कायम आहे. पुढच्या निकालाला मी दुकान बंद केलं आणि गूळ-शेंगदाण्यांचा पुडा घेऊन पुलावर गेलो. गजाभाऊंच्या शेजारी शालू, आणि दोघांसमोर कळंबचा एक रडवेला पोरगा. मी पुडा त्याच्या हातात दिला. गजाभाऊ वाचत होते. रमाकांत अजून कठड्यावरच होता, पण आता त्याला भूक लागली होती, आणि खालून कुणीतरी त्याला हाका मारत होतं.