शीलवंत सांबराची साक्ष

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी ख्रिस्ती झाले होते. अगदी वाघसुद्धा. म्हणजे रविवारपुरता तरी.

दर रविवारी उंबराखाली उपासना भरे आणि सणाला प्रीतिभोजन होई. त्या मंडळीची एक रीत होती. आपण कसे पापी होतो आणि प्रभूनं कृपा करून कसं वाचवलं, याची साक्ष जो सगळ्यांसमोर देईल, त्यानंच पंगतीला बसायचं. बाकीच्यांनी वाढायचं.

शीलवंत सांबर वर्षानुवर्षं पंगतीला वाढत होता. त्याच्याजवळ साक्ष द्यायला काही नव्हतंच मुळी. तो कधी खोटं बोलला नाही. दुसऱ्याच्या कुरणात त्यानं तोंड घातलं नाही. उपदेश कितीही लांबला, तरी त्याला डुलकी लागली नाही. आपल्या नीतिमत्त्वाचा त्याला एवढा अभिमान, की शिंगंसुद्धा तो जरा उंचच धरून चालायचा.

आणि बर्नबा कोल्हा? त्याची साक्ष ऐकायला पलीकडच्या डोंगरावरून प्राणी येत. "बंधूंनो, मी कोंबड्या चोरल्या!" असं म्हणून तो हुंदका द्यायचा. समोर बसलेल्या कोंबड्याही डोळे पुसायच्या. मग पंगतीत मांडी ठोकून तो म्हणायचा, "काका, खीर जरा सढळ हातानं वाढा." हे शीलवंताच्या फार जिव्हारी लागायचं.

ईस्टर जवळ आला तसा तो पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, हत्ती होते.

"पाळकसाहेब, यंदा मला पंगतीला बसायचंय."

"बसा की. साक्ष द्या आणि बसा."

"पण माझ्या हातून पापच झालेलं नाही."

पाळकसाहेबांनी कान हलवले. "असं कसं होईल? नीट बघा, सापडेल."

शीलवंतानं पुष्कळ बघितलं. सापडेना. शेवटी त्यानं ठरवलं, नसेल तर एखादं करू या.

भरदुपारी तो दीनाबाई अस्वलिणीचं मधाचं पोळं चोरायला गेला. पण चोरीची सवय नव्हती. पोळं राहिलं बाजूला, शिंगं फांदीत अडकली. दीनाबाई बाहेर आली.

"अगं बाई, शीलवंतदादा! मध हवा होता तर हाक मारायची."

"मी चोरायला आलोय, दीनाबाई!"

"तुम्ही? काहीतरीच तुमचं!" तिनं शिंगं सोडवली आणि वर द्रोणभर मध दिला.

मग त्यानं खोटं बोलून बघितलं. पाणवठ्यावर जाऊन ओरडला, "पळा, वाघ आला!" सगळे पळाले. थोड्या वेळानं वाघ खरोखरच आला, कारण त्या दिवशी रविवार नव्हता. ज्यांचे जीव वाचले, त्यांनी शीलवंताच्या गळ्यात माळ घातली. बिचाऱ्याला रडू फुटलं.

ईस्टर उजाडला. शीलवंत मंडळीपुढं उभा राहिला. घसा खाकरला. शब्द फुटेना.

"बोला काका, लाजू नका," बर्नबा प्रेमानं म्हणाला.

झालं! शीलवंताचा तोल सुटला.

"तू गप्प बस! कोंबड्या तू खाल्ल्यास आणि पंगतीला बसलास. मी जन्मभर गवत खाल्लं आणि तुझी खरकटी काढली! तू पुन्हा चोरी करताना सापडावास म्हणून मी रोज प्रार्थना करतो. रोज! गुडघे टेकून!"

आपण काय बोललो, ते शीलवंताच्या कानांवर जरा उशिरानंच पडलं. त्याची शिंगं खाली आली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती खरीखुरी लाज होती. आता पंगत तर सोडाच, वाढायलाही आपल्याला कुणी ठेवणार नाही, असं त्याला वाटलं. तो गुपचूप निघाला.

बर्नबा उठला. त्यानं स्वतःची पत्रावळ शीलवंतापुढं मांडली. "बसा काका," म्हणाला आणि खिरीची पळी त्यानं आपल्या हातात घेतली.

शीलवंत बसला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी टपाटप खिरीत पडत होतं. पहिली वाटी त्यानं मान खाली घालून खाल्ली. दुसरी खाताना मान थोडी वर आली. तिसरीला त्यानं बर्नबाला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,

"खरं सांग हं. तुझ्यापेक्षा माझी साक्ष जास्त रंगली ना?"

तात्पर्य: बाळांनो, चांगलं वागा. पण इतकंही चांगलं वागू नका, की देवाला तुमच्यासाठी करण्याजोगं काही उरणारच नाही.