भानुदासराव आणि कोपराची परीक्षा

कॉम्प्युटर दिसला की भानुदासराव त्याच्या कीबोर्डवर कोपर टेकतात. आपला असो, दुसऱ्याचा असो. प्रोग्रॅम बंद पडला की समाधानानं म्हणतात, "बगा, मेला! मानूस काय बी दाबंल, प्रोग्रॅमनं मरायचं न्हाई."

सुप्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याचं स्टोअर ते सांभाळतात. तिथला काळ्या स्क्रीनचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलाय. एक दाबा, माल आला. दोन दाबा, माल गेला. शून्य दाबा, बाहेर. भलतंच बटण दाबलं तरी तो खेकसत नाही; "असं बटन न्हाई, पुन्हा बगा" एवढंच अदबीनं सांगतो. हातमोजे घातलेली माणसं बटण दाबून धरतात आणि एका खोक्याची पाच खोकी होतात, म्हणून एक बटण घेतलं की प्रोग्रॅम जरा दम खातो, मगच दुसरं घेतो. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या स्वप्नातही मेनू येतो. या माणसाचं तोंड म्हणून मिटत नाही.

मध्यंतरी त्यांच्या पत्नीला, आमच्या शांतावहिनींना, अर्धांगाचा झटका आला. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना, हातही कापायचा. दवाखान्यातून घरी आल्या, पण काही मागेनात. पाणी समोर धरलं तर प्यायच्या, नाहीतर भिंतीकडे बघत पडून राहायच्या. मला धास्ती वाटली, म्हणून रविवारी घरी गेलो.

खाटेला लागून कॉम्प्युटर. काळ्या स्क्रीनवर ठळक अक्षरं: १ पाणी, २ चहा, ३ कूस बदला. खाली आणखी बरंच काही.

"कुलकर्नी, हात थरथरून धा बटनं दाबली, तरी जे जास्त येळ धरलं तेच घेतो ह्यो," भानुदासराव सांगत होते. "कोपर टेकून बगितलंय. पन ही हातच लावंना! अगं, एक दाब, दोन दाब, काय बी दाब..."

वहिनींनी हात उचलला. कापत कापत तो कीबोर्डवर आला. दोन-तीन बटणं खडखडली, मग बोट एका जागी टेकलं.

स्क्रीनवर उमटलं: ९ तुमी गप बसा.

"मीच घातलं हुतं," भानुदासराव कसेबसे म्हणाले. "घरात सगळ्यात जास्त हेच म्हनायची." आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागले. वहिनींचे ओठ जरासे हसले. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बटण दाबलं. दोन.

भानुदासराव डोळे पुसत चहा ठेवायला उठले. एक शब्दही बोलले नाहीत.