सह्याद्री छावणीतली तांदूळचोरी

तुमचा विश्वास बसणार नाही. बसूही नये. माझा स्वतःचा बसायला तीन आठवडे लागले, आणि मी तर तिथे जातीने हजर होतो.

आधी माझी ओळख करून देतो, कारण ती मीच करून दिलेली बरी. दुसरे लोक फार कमी सांगतात. नाशिकच्या जकात नाक्यावर मी बत्तीस वर्षं काढली. ट्रकच्या ताडपत्रीवर नुसता तळहात ठेवला की आत कापड आहे की कांदा, हे मी सांगायचो. कांदा असेल तर कोणत्या गावचा, आणि ट्रकवाला त्या गावात किती वेळ खोटं बोलून आला, तेही. एकदा तर विनापरवाना चाललेला अख्खा हत्ती मी केवळ ड्रायव्हरच्या घामावरून पकडला. लता म्हणते की त्या हत्तीची सोंड ट्रकच्या बाहेर लोंबत होती. बायकोला नको त्या तपशिलात फार रस असतो.

तर असा हा मी, दिगंबर. सन दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला मुलाकडे येऊन पडलो होतो. पडलो होतो म्हणजे सोफ्यावर. एवढी बुद्धी आणि काम काय, तर कचऱ्याचा डबा सोमवारी रस्त्यावर नेणं. आणि मग ती केस माझ्याकडे चालत आली.

हे सगळं मी अरुणच्या, म्हणजे मुलाच्या, हॉलमध्ये बसून रवीला सांगत होतो. रवी अरुणच्या ऑफिसातला, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून चार दिवसांसाठी आलेला. त्याने माझी एकही गोष्ट ऐकलेली नव्हती. असा श्रोता आता मिनेसोटात शिल्लक नाही.

"केस म्हणजे मर्डर वगैरे, काका?" रवीने विचारलं.

"मर्डर फुटकळ लोक सोडवतात," मी म्हणालो. "ही तांदळाची होती."

त्या उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष सत्यजित याला टीव्ही बघून बघून झटका आला होता. जंगलात माणसं सोडायची, उपाशी ठेवायची, त्यांची भांडणं लावायची आणि ते शूट करायचं. मी त्याला म्हटलं, अरे, यासाठी जंगल कशाला, मंडळाची कार्यकारिणीची बैठक शूट कर. पण त्याने लोकल केबलवर वेळसुद्धा मिळवली होती. सहा स्पर्धक, सात दिवस, उत्तरेला चार तासांवर एक तळं. तळ्याच्या अलीकडे 'सह्याद्री' छावणी, पलीकडे 'सातपुडा'. भांडण पेटावं म्हणून सत्यजितने डोकं लढवलं होतं. सह्याद्रीला फक्त तांदूळ, सातपुड्याला फक्त मसूर, आणि शिजवायला दोघांत मिळून एकच पातेलं. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. बाकी पोट जंगलाने भरायचं.

"फिशिंग करायचं ना मग."

"श्रावण होता."

"सो?"

"सो काय? तळ्यात वीतभर मासे उड्या मारत होते आणि सहाच्या सहा जण काठावर बसून त्यांच्याकडे बघत होते. चार जण एरवी खाणारे. पण हे मंडळाच्या केबलवर लागणार आणि ती कॅसेट पुण्याला आई बघणार! तारीख ठरवताना सत्यजितने हवामान बघितलं, अस्वलांचा हंगाम बघितला, फक्त कालनिर्णय बघितलं नाही."

मला पंच नेमलं होतं. निःपक्षपाती, अनुभवी, आणि त्या आठवड्यात मोकळा असा मंडळात मी एकटाच निघालो. पंचाला मत नाही, पण केबिन होती, गादी होती. शिवाय शूटिंगवाल्यांचा स्वयंपाक करायला लता आली होती, म्हणजे मला गरम पोळी होती. ज्याला पोट भरून जेवायला मिळतं, तोच उपाशी माणसांचा न्याय नीट करू शकतो.

सह्याद्रीत तिघं. अवधूत हा आचारी. बोलायचा कमी, डोळे बारीक करून विचार करायचा जास्त. असल्या शोमध्ये 'स्ट्रॅटेजी' लागते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. जगन्नाथ धिप्पाड, दाढीवाला, आवाज लाउडस्पीकरचा. पातेलं घासून तळ्याला वळसा घालून पलीकडे पोचवायचं काम त्याचं. आणि तिसरी शरयू. तांदळाची थैली तिच्या ताब्यात, चुलीशेजारच्या फांदीला टांगलेली.

या शरयूचं जरा सांगायला हवं. नागपूरची इंजिनियर पोरगी. नवऱ्याच्या व्हिसावर आली, म्हणजे तिला इथे नोकरी करायला बंदी. चार वर्षं घरात. लायब्ररीचं कार्ड सोडलं तर या देशात तिच्या नावाचा एक कागद नव्हता. वीजबिल नवऱ्याचं, बँक नवऱ्याची, मंडळाच्या यादीत सुद्धा 'मिसेस'. आणि या स्पर्धेत जो जिंकेल त्याला केबलवर दर शनिवारी अर्धा तास मिळणार होता. पगार नाही, पण खाली पट्टीवर नाव. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "काका, मला भूक-बिक काही नाही. मला ती पट्टी हवीय."

आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच थैलीतला तांदूळ कमी भरला.

"किती?" रवी पुढे सरकला.

"दोन मुठी. तू हसू नकोस. उपाशी माणसाला दोन मुठी म्हणजे दोन एकर. जगन्नाथ जो ओरडला, पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. 'थैली कोणाकडे असते? शरयूकडे! मग तांदूळ कोणी खाल्ला?' शरयू म्हणाली, 'कच्चा खाल्ला का मी?' तो म्हणाला, 'तुमच्या विदर्भात काय, काहीही खातात.' मग शरयूने त्याच्या पुण्याचा जो उद्धार केला, तो सत्यजितला नंतर टेपमधून कापावा लागला."

मला तातडीने बोलावणं आलं. मी जागेची पाहणी केली. गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून पाहणी उभ्यानेच केली. झाडाच्या खोडावर चार समांतर ओरखडे! "अस्वल," मी जाहीर केलं. "वयस्कर. डावखुरं. भाताची सवय असलेलं, म्हणजे कोकणातून आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या कचऱ्यावर वाढलेलं."

अवधूत म्हणाला, "काका, ते ओरखडे माझे आहेत. पातेल्याचं बूड खरवडायचं उलथणं मी तिथे घासून साफ करतो."

पहिला तर्क चुकणं ही चांगल्या डिटेक्टिव्हची खूण असते. दुसरा चुकला की तो मोठा डिटेक्टिव्ह. दुसऱ्या दिवशी मला चुलीजवळच्या मातीत एक लालसर दाणा सापडला. मी तो उन्हात धरला. मसूर! सह्याद्रीत मसूर असायचं कारणच नाही. म्हणजे सातपुड्याचा माणूस इथे आला, त्याने तांदूळ उचलला, आणि त्याच्या खिशातून हा दाणा पडला. मी तडक होडीतून सातपुड्यात गेलो. तिथली म्होरकी कांचन, मुंबईची, वकिली घराण्यातली.

"तुमच्या छावणीतून रोज कोणीतरी पलीकडे जातं," मी म्हणालो.

"पातेलं जातं," कांचन म्हणाली.

"पातेल्याबरोबर काय जातं?"

तिचा चेहरा एकदम बंद झाला. "काका, हा गेम आहे. आम्ही आमचे पत्ते दाखवणार नाही."

बस! गुन्हेगाराची पहिली खूण. मी परत येऊन जेवायला बसलो. म्हणजे सह्याद्रीत चव बघायला बसलो. पंचाला चव बघावी लागते. खिचडी छान झाली होती. जरा मीठ कमी. दुसऱ्यांदा घेतली.

"एक मिनिट, काका," रवी म्हणाला. "खिचडी? त्यांच्याकडे तर फक्त तांदूळ होता ना?"

"मध्ये बोलू नकोस, धागा तुटतो."

पाचव्या दिवशी सकाळी सत्यजितने मतदान ठेवलं. दोन्ही छावण्यांच्या सहाही जणांनी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव जास्त तो घरी. तांदूळ तोवर चार मुठी कमी झाला होता आणि सगळ्यांच्या नजरा शरयूवर. जगन्नाथ उघड तिच्या विरोधात. अवधूत आणि कांचन तळ्याच्या दोन काठांवरून एकमेकांकडे बघून नुसत्या माना हलवत होते. शरयूने थैली आणून माझ्यासमोर ठेवली.

"काका, तुम्ही पंच. तुम्हीच सांगा, मी चोर आहे का? घरी जायला माझी हरकत नाही. पण मी चोर म्हणून गेले, तर मंडळात तेच नाव राहील. मला इथे दुसरं नावच नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?" रवीने विचारलं.

"मी काही बोललो नाही. डिटेक्टिव्ह कधी गप्प बसायचं हे जाणतो. मला उत्तर केव्हाच सापडलं होतं. पण आरोपीला पुराव्याजवळ आपल्या पायांनी चालत येऊ द्यायचं असतं. मी सापळा लावला होता."

सापळा असा. सत्यजितच्या टोपीत चिठ्ठ्या पडल्या. तो त्या उघडणार, तेवढ्यात लता केबिनकडून आली. तिने जगन्नाथला दोन दिवसांपूर्वी जखमेला हळद दिली होती, आपल्या छोट्या स्टीलच्या डब्यात घालून. डबा तिच्या आईचा, नाव कोरलेला. तो जंगलात राहिला असता तर लता अमेरिका सोडून गेली नसती. "जगन्नाथा, माझा डबा दे रे," ती म्हणाली. त्याने धावत जाऊन आणून दिला, घासून लख्ख. लताने झाकण उघडलं.

आत मूठभर तांदूळ.

कॅमेरावाला पुढे आला. शरयू उभी राहिली. लता म्हणाली, "हे काय रे?"

जगन्नाथ गोंधळला. "काय म्हणजे? डबा रिकामा कसा देऊ, काकू? आई म्हणते, कोणाचं भांडं रिकामं परत करू नये. घरात साखर नसेल तर चार दाणे तांदूळ तरी टाकावेत."

"बरोबर आहे तुझी आई," लता म्हणाली. "आणि ते पातेलं रोज पलीकडे कोण नेतं?"

"मीच."

"रिकामं?"

"छे! रिकामं कसं, थैलीतली एक मूठ..."

आणि तो थांबला. त्याची दाढी आधी थांबली, मग तोंड. असा माणूस मी जकात नाक्यावर एकदाच पाहिला होता, स्वतःच्याच ट्रकच्या चाकाखाली स्वतःचाच पाय अडकवलेला.

"चार दिवस," शरयू हळूच म्हणाली. "चार मुठी."

"पण मी खाल्ला नाही!" जगन्नाथ ओरडला. "आपण विचारलं कोणी खाल्ला! दिला कोणी, असं कोणी विचारलंच नाही!"

तेव्हा कांचनने तोंड उघडलं. पातेल्यात रोज तांदूळ येतोय म्हटल्यावर सातपुड्याने अर्थ काढला होता: सह्याद्रीतला कोणीतरी गुपचूप युती मागतोय. टीव्हीवर असंच असतं. म्हणून त्यांनीही उत्तरादाखल रोज मूठभर मसूर पाठवला. "शिवाय," ती जरा खाली बघून म्हणाली, "भरून आलेलं भांडं रिकामं परत कसं पाठवणार?"

परत आलेल्या पातेल्यातला तो मसूर अवधूतला मिळायचा. त्याने डोळे बारीक करून ओळखलं, की ही कांचनची युतीची खूण आहे, बोलायचं नाही. आणि पुरावा नष्ट करायचा म्हणून तो त्याची खिचडी करायचा.

"म्हणजे चार दिवस सगळे खिचडी खात होते," रवी म्हणाला, "आणि डाळ कुठून येते हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही? तुम्हाला पण नाही?"

"मला ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही."

"वॉव."

जगन्नाथने कॅमेऱ्यासमोर शरयूची माफी मागितली. त्याच्या आवाजात मागितली, त्यामुळे पलीकडची बदकं पुन्हा उडाली. सातव्या दिवशी शरयू जिंकली. आता दर शनिवारी अकरा वाजता लागते. खाली पट्टी येते: सादरकर्ती, शरयू वैद्य. मिसेस नाही, काही नाही. अरुणचा टीव्ही जुना आहे, पट्टी अर्धी कापली जाते, पण 'शरयू' पूर्ण दिसतं.

"पण काका, सॉल्व्ह तर काकूंनी केलं."

"रवी," मी शांतपणे म्हणालो, "हळदीच्या डब्यात हळद कोणी भरायला लावली? मी. डबा मागायला कोणी पाठवलं? मी. लता माझ्या हातातलं भिंग होती. आणि त्या पोरीवर संशय? एक क्षणभर नाही. पहिल्या दिवसापासून मला ती निर्दोष आहे हे माहीत होतं. त्याचा पुरावा सांगतो. जगन्नाथने कबुली दिल्याबरोबर मी उठलो, सत्यजितच्या हातातली ती चिठ्ठ्यांची टोपी हिसकावली आणि तशीच शेकोटीत उलटी केली. म्हटलं, या मुलीच्या नावाची एकही चिठ्ठी मोजली जाणार नाही! सगळे टाळ्या वाजवत होते. डोळ्यांत पाणी होतं लोकांच्या."

लता स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आली. तिने रवीला कप दिला, अरुणला दिला, आणि माझा हातातच ठेवला.

"डोळ्यांत पाणी धुरामुळे होतं," ती म्हणाली. "आणि चिठ्ठ्या जाळायची तुम्हाला एवढी घाई का झाली, ते मी सांगते रवीला. मतं देणारे सहा होते आणि टोपीत चिठ्ठ्या सात. सातवी जळाली नाही, तुम्ही टोपी हिसकावलीत तेव्हाच ती बाहेर पडली आणि शरयूने उचलली. तुमच्या बीपीच्या गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा होता तो, अहो, आणि त्यावर तुमच्या अक्षरात तिचं नाव."